गाडी उचलली आणि थरथर सुरू झाली? आधी कोन मोजा, मग पाने काढा

मारुती जिप्सी सस्पेन्शन बदलून तीन इंच उचलली, २३५/७५ चे टायर टाकले, सोसायटीतली पोरं येऊन फोटो काढून गेली, आणि पहिल्याच रविवारी सातारा रोडला ७० च्या पुढे काटा गेला तशी सीटखालून जी गुणगुण सुरू झाली ती थेट दाढेपर्यंत. आतला आरसा एवढा थरथरत होता की मागे ट्रक आहे का टेम्पो तेच कळेना. ६० ला आणलं की गायब, ७५ ला परत हजर, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जास्त आणि पाय उचलला की थोडी कमी.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून हे लिहितोय. दोनदा टायर बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, कोणीतरी म्हणालं क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे, युनिव्हर्सल जॉइंट) गेलेत म्हणून चारपैकी दोन क्रॉस बदलले, मग मागची प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारी नळी) काढून बॅलन्सिंगला दिली, बॅलन्सिंगवाला म्हणाला शाफ्ट एकदम ओके आहे साहेब, तरी थरथर तिथेच. दोन महिने आणि बरेच पैसे गेल्यावर एका मित्राने गाडीखाली झोपून फोनमधल्या लेव्हलच्या अ‍ॅपने तीन ठिकाणी कोन मोजले आणि दहा मिनिटांत सांगितलं की तुझी पिनियन (डिफरन्शियलचं शाफ्टला जोडलेलं नाक) आभाळाकडे बघतीये. म्हणजे जे काम सगळ्यात आधी आणि फुकटात होण्यासारखं होतं ते मी सगळ्यात शेवटी केलं.

आता हे का होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं जादूटोणा वाटेल. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस वाकडा चालत असला की एका बाजूने एकसारखा वेग आत गेला तरी दुसऱ्या बाजूने एकसारखा बाहेर येत नाही, एका फेऱ्यात दोनदा फास्ट होतो आणि दोनदा स्लो. कोन जितका जास्त तितका हा झोका जास्त, आणि तो सरळ हिशेबाने वाढत नाही. ५ अंशाला वेग अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी वरखाली होतो, १० अंशाला साधारण दीड टक्का आणि २० अंशाला सहा टक्के. कोन दुप्पट केला की त्रास चौपट, असं डोक्यात ठेवा.

मग कंपनीतून आलेली गाडी का थरथरत नाही, तिच्यातही कोन असतोच की. कारण दुसरा क्रॉस बरोबर उलटा झोका देतो आणि पहिल्याचा हिशेब चुकता करतो. पण हे कधी होतं, तर दोन्ही क्रॉसचे कोन सारखे असतील तेव्हा, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे कान (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असतील तेव्हा. यातलं एक जरी बिघडलं तरी उरलेला झोका डिफरन्शियलमध्ये, तिथून पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंग), चॅसीमध्ये आणि शेवटी तुमच्या कमरेत. गाडी उचलताना आपण नेमकं हेच बिघडवतो. चॅसीबरोबर इंजिन आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) वर जातात, हौसिंग (दोन चाकांमधलं, डिफरन्शियल असलेलं) खालीच राहतं, शाफ्टचा उतार वाढतो आणि वर पाटे आणि शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला लटकवणारी पट्टी) बदलल्यामुळे हौसिंग स्वतःभोवती थोडं फिरतं ते वेगळंच.

जरा आकडे घेऊ. २३५/७५ आर १५ चा टायर साधारण ७३३ मिमी उंच, म्हणजे एका फेऱ्यात २.३ मीटर. ताशी ८० ला चाक मिनिटाला ५८० च्या आसपास फेरे मारतं. डिफरन्शियलचा रेशो समजायला ४ धरला तर शाफ्ट २३०० आरपीएमला फिरतीये, आणि क्रॉसचा झोका फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला ७७ वेळा. म्हणून ही थरथर टायरसारखी ढब-ढब नसते, गुणगुणल्यासारखी असते, कानात आणि ढुंगणाखाली एकदम. टायर बॅलन्सची थरथर ८० ला सेकंदाला दहाच्या घरात असते, ती स्टिअरिंगमध्ये आणि सीटच्या पाठीत हलल्यासारखी कळते. हा फरक एकदा अंगाला कळला की अर्धं निदान तिथेच झालं.

तर पहिली पायरी, गाडी चालवून बघा, पण डोकं लावून. ज्या स्पीडला थरथर येते तो स्पीड पकडा आणि गिअर बदला. चौथ्यात ७५ आणि पाचव्यात ७५ ला तेवढीच थरथर असेल तर इंजिन-क्लच सुटले, भानगड गिअरबॉक्सच्या मागे आहे. मग पाय बघा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते (किंवा उलटं) तर कोनाचा संशय घ्या. दाबा, सोडा, काही करा, एका ठराविक स्पीडच्या वर सतत तेवढीच असेल तर बॅलन्स किंवा वाकलेली शाफ्ट. जागेवरून निघताना पहिल्या गिअरमध्ये ढडढड करून मग शांत होत असेल तर पाटे पिळ खातायत आणि पिनियन नाक वर करतीये. आणि गिअर टाकताना किंवा पाय सोडून परत दाबताना खालून ठक असा आवाज येतो तर क्रॉस किंवा स्प्लाइन (शाफ्टचा सरकणारा दातेरी जोड) घासलेत, तिथे कोन मोजत बसण्याआधी ते बघा.

फोर बाय फोर असण्याचा इथे एक मोठा फायदा आहे. पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते फ्री करून चालवा. हब लॉक असताना टू व्हीलमध्येसुद्धा पुढची शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरत असते, त्यामुळे हब फ्री केल्यावर थरथर गेली तर मागच्या शाफ्टच्या मागे लागायचं कारणच नाही. आणि मागचीच आहे याची खात्री करायची असेल तर मागची शाफ्ट पूर्ण काढा, हब लॉक करा, फोर-हाय टाका आणि फक्त पुढच्या चाकांवर गाडी हळूहळू सरळ रस्त्यावर थोडी चालवून बघा. शांत झाली? मग चोर सापडला. जिप्सीच्या मागच्या शाफ्टला दोन्ही टोकांना फ्लॅंज (बोल्टने जोडायच्या चकत्या) आहेत, चार-चार बोल्ट, त्यामुळे काढली तरी तेल सांडत नाही. ज्या गाडीत शाफ्टचं टोक थेट केसमध्ये सरकवलेलं असतं तिथे ऑइल बाहेर येणार, तिथे हा प्रयोग करताना टोक बंद करायची सोय आधी करा.

एक गोष्ट मात्र मजेत घेऊ नका. मागची शाफ्ट काढली की गाडी गिअरमध्ये ठेवून मागची चाकं थांबत नाहीत. आणि काही जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकात नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो, तिथे शाफ्ट काढली म्हणजे हँडब्रेकपण गेला. त्यामुळे बोल्टला पाना लावायच्या आधी चाकांना दगड, आणि दगड म्हणजे खरंच दगड किंवा लाकडाचा ठोकळा, विटेचा तुकडा नाही.

शाफ्ट काढताना पांढऱ्या पेंटने खुणा करा. ट्रान्सफरच्या फ्लॅंजवर आणि शाफ्टवर एक रेघ, पिनियनकडे एक, आणि मधल्या स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर एक. शाफ्टचे दोन तुकडे वेगळे होऊन परत एक-दोन दात चुकून बसले तर दोन टोकांचे कान एका रेषेत राहत नाहीत आणि मग कोन कितीही बरोबर करा, थरथर जाणार नाही. बऱ्याच शाफ्टवर कंपनीचे बाण असतात पण चिखल आणि अंडरकोटिंगखाली ते कोणाला दिसतात. शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघितलं तरी कान सरळ आहेत का ते कळतं. माझ्या ओळखीतल्या एका थारचं दुखणं एवढंच निघालं होतं, ग्रीस मारायला शाफ्ट उघडली आणि चुकीच्या दातावर बसवली, बस.

शाफ्ट हातात आलीच आहे तर क्रॉस चारही दिशांना हलवून बघा. सगळीकडे एकसारखा, थोडासा घट्ट फिरला पाहिजे. मध्येच खाच लागल्यासारखा अडकत असेल तर आतल्या बेअरिंगच्या सुया जागेवर बसून खड्डे पडलेत, तो गेला. कॅपच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसली तर ग्रीस कधीच संपलंय. निपल असेल तर चारही कॅपमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही आलं तर त्या चौथ्यावर विश्वास ठेवू नका. आणि ट्रान्सफर केसचे रबर माउंट बघा. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, वेगळा रबरांवर लटकतो आणि मध्ये एक छोटी शाफ्ट आहे. ते रबर फाटले किंवा बसले की केस एका बाजूला कलंडतो आणि सगळेच कोन बदलतात. रबर फाटके असताना कोन मोजून पाचर (पाटा आणि हौसिंगमध्ये घालायची तिरकी पट्टी) मारणं म्हणजे मोडक्या खुर्चीच्या मापाने पँट शिवणं.

आता मोजणी. लागतं काय तर मॅग्नेटवाला डिजिटल अँगल गेज, नसेल तर फोन पण कव्हर काढून, आणि एक वही. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही! गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन हौसिंग लटकवून कोन मोजलेले मी स्वतः बघितलेत, त्या आकड्यांचा उपयोग शून्य. टाकी भरलेली, नेहमीचं सामान टाकलेलं, जमलं तर ड्रायव्हर सीटवर कोणीतरी बसवा. पार्किंगला थोडा उतार असला तरी चालतो कारण आपल्याला शेवटी फरकच काढायचाय. गाडी थोडी पुढेमागे ढकलून घ्या म्हणजे पाटे मोकळे होऊन बसतात.

तीन आकडे घ्यायचे. ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लॅंजचा, शाफ्टच्या नळीचा आणि पिनियनच्या फ्लॅंजचा. नळीवर गेज आडवा चिकटवला की झालं, फक्त गंज आणि चिखल खरवडा आणि बॅलन्सचं वजन किंवा वेल्डिंग जिथे आहे तिथे ठेवू नका. फ्लॅंजवर गेज उभा लावायचा, तो जितका सरळ उभ्यापासून कलला असेल तितका कोन. शाफ्ट लावलेली असताना फ्लॅंजच्या कडेला थोडीच जागा मिळते, नाही मिळाली तर पिनियनकडचे चार बोल्ट सोडून शाफ्ट दोरीने वर बांधा आणि फ्लॅंजच्या मोकळ्या तोंडावर गेज लावा, ते माप जास्त खात्रीचं. प्रत्येक माप तीनदा घ्या, अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक येत असेल तर कुठेतरी माती आहे.

माझे आकडे सांगतो. ट्रान्सफरची लाइन मागे जाताना २ अंश खाली. शाफ्ट १० अंश खाली. पिनियनचं नाक ८ अंश वर. आता पुढच्या क्रॉसचा कोन म्हणजे १० वजा २, ८ अंश. मागच्या क्रॉसचा म्हणजे १० वजा ८, २ अंश. पुढे ८ आणि मागे २! पुढचा क्रॉस जो झोका देतोय तो मागच्याला पुसताच येत नाही, कारण हा हिशेब वर्गाचा आहे, ६४ मधून ४ गेले ६० राहिले, त्याचं वर्गमूळ ७.७. म्हणजे दोन क्रॉस असून उपयोग नाही, मी जवळपास ७.७ अंशाच्या एकाच क्रॉसवर गाडी चालवत होतो. हा उरलेला आकडा ३ च्या आत असावा असं धरतात. दोन्ही कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको.

पाहिजे होते २, मग हे वरचे ६ अंश आले कुठून? अर्धे शॅकलमधून. मागच्या पाट्याची शॅकल मागच्या टोकाला असते, ती २ इंच लांब केली तर गाडी उचलते १ इंचच, कारण हौसिंग मधोमध आहे, पण पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि अख्खं हौसिंग फिरून पिनियन वर बघायला लागते. पाटा डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मीटरभर धरला तर जवळजवळ ३ अंश. आणि उरलेले ३ अंश कुठून, तर ज्या गॅरेजला काम दिलं होतं त्यांनी "लिफ्ट केली की पाचर टाकायचीच असते" म्हणून ३ अंशाची पाचर टाकून नाक अजून वर केलं होतं. त्यांची चूक आहेच, पण मी पण न मोजता मान डोलावली होती.

ही नाक वर करायची सवय येते कुठून तेही सांगतो, कारण इंटरनेटवर याच्यावरून प्रचंड गोंधळ आहे. दोन प्रकारच्या शाफ्ट असतात. साध्या शाफ्टला प्रत्येक टोकाला एक क्रॉस, तिथे पिनियन आणि ट्रान्सफरची लाइन समांतर पाहिजे. दुसरी डबल कार्डन, म्हणजे ट्रान्सफरकडच्या टोकाला दोन क्रॉस चिकटून आणि मध्ये सेंटरिंग बॉल. ती जोडी आपला झोका आपणच संपवते, त्यामुळे पिनियनकडच्या एकट्या क्रॉसला कोन जवळजवळ नकोच, तिथे पिनियन थेट शाफ्टकडे बघायला पाहिजे, फक्त १-२ अंश खाली ठेवायची कारण जोर लावला की पाटे पिळून ती वर येते. अमेरिकेतले लोक उंच लिफ्टला सर्रास डबल कार्डन टाकतात आणि व्हिडिओत पिनियन शाफ्टकडे फिरवतात, आपल्याकडे ते बघून साध्या शाफ्टवर तेच करतात. तुमच्या गाडीत कुठली शाफ्ट आहे ते बघून मगच कोणाचा सल्ला घ्या, माझासुद्धा.

आता दुरुस्ती. मला पिनियन ८ वरून २ वर आणायची होती. ३ अंशाची पाचर उलटी फिरवली की ६ अंशाचा फरक, नव्या पाचरीचे पैसे शून्य. पण पाचर कुठल्या बाजूने जाड ठेवायची इथे लोक हमखास चुकतात. जिप्सीत मूळ रचनेत पाटे हौसिंगच्या खाली असतात, हौसिंग पाट्यावर बसलेलं. तिथे पाचर पाट्यावर येते, जाड बाजू पुढे ठेवली तर नाक वर, मागे ठेवली तर नाक खाली. ज्यांनी स्प्रिंग ओव्हर केलंय, म्हणजे पाटे हौसिंगच्या वर नेलेत, किंवा मुळातच वर आहेत, तिथे सगळं उलटं, जाड बाजू मागे ठेवली तर नाक वर. पाठ करू नका, हाताचा पंजा पाटा आणि मूठ हौसिंग समजून एकदा करून बघा, लगेच कळतं.

पाचर स्टीलची घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त येतात पण दगडात आपटून त्या तडकतात आणि हळूहळू सरकून बाहेर येतात, आणि पाचर बाहेर आली की यू-बोल्ट (हौसिंग पाट्याला आवळणारे) ढिले, यू-बोल्ट ढिले की हौसिंग सरकलं, पुढचं सांगायला नको. सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून आरपार जाऊन हौसिंगच्या बैठकीत बसायला पाहिजे, त्यामुळे बऱ्याचदा लांब बोल्ट लागतो. यू-बोल्ट नवे घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका, आणि चारही नट थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, शेवटचा टॉर्क मॅन्युअलमधला. ४ अंशापेक्षा जास्त पाचर लागत असेल तर पाचर हे उत्तरच नाही, बैठकी कापून बरोबर कोनात परत वेल्ड करून घ्या, आणि ते काम गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे नाही. स्प्रिंग ओव्हर करणाऱ्यांना तर बैठकी नव्याच लावायच्या असतात, तेव्हा आधी तात्पुरता टॅक मारा, गाडी चाकांवर उभी करा, कोन मोजा, मगच पक्कं वेल्डिंग. हे एक वाक्य पाळलं तर पुढचं निम्मं रडगाणं वाचतं.

पाचर फिरवल्यावर माझे दोन्ही कोन ८-८ झाले. थरथर नव्वद टक्के गेली, पण ८० च्या वर बारीक गुणगुण राहिली. कारण कोन सारखे असले तरी ते स्वतः फार मोठे असून चालत नाही, शाफ्टची मधली नळी तर झोके खातेच आहे. शाफ्ट बनवणारे यासाठी साधारण असा हिशेब धरतात की ३००० आरपीएमला ६ अंशांच्या आत, २५०० ला ७, २००० ला साडेआठ, १५०० ला साडेअकरा. ८० च्या स्पीडला माझी शाफ्ट २३०० च्या पुढे, म्हणजे ८ अंश जरा जास्तच. मग मी काय केलं तर २ इंच लांब शॅकल काढून १ इंच लांब टाकली. गाडी अर्धा इंच खाली आली, शाफ्टचा कोन पाऊण अंश कमी झाला, शॅकलमुळे पिनियन दीड अंश खाली वळली म्हणून ३ ची पाचर काढून दीडची टाकली, परत मोजलं, दोन्हीकडे ७ च्या आसपास. आता हायवेला ८५-९० ला शांत आहे. त्या अर्ध्या इंचाची डोंगरात मला कधी आठवणसुद्धा आली नाही. माझं मत विचाराल तर शॅकलने उंची कमावणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे.

उलट टोकाचंही एक सांगतो. कोन अगदी शून्य करायला जाऊ नका, क्रॉसला किमान एक अंश तरी कोन लागतो, नाहीतर सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी ठोकून खड्डे पाडतात. आणि वरून बघितलं तर शाफ्ट एका बाजूलाही तिरकी जात असेल, तर तो कोनही धरावा लागतो, दोन्हींच्या वर्गांची बेरीज आणि वर्गमूळ. उभा ८ आणि आडवा ३ असेल तर खरा साडेआठ.

ट्रान्सफर केस खाली उतरवायचा उपाय बरेच जण सुचवतात, क्रॉसमेंबरखाली स्पेसर टाकून. जिथे केस गिअरबॉक्सला जोडलेला आहे तिथे एक इंचापर्यंत ठीक, पण फॅन, रेडिएटरचा श्राउड, गिअर लिव्हर, एक्झॉस्ट सगळं तपासा कारण इंजिन मागे कलतं. जिप्सीत मात्र हे दुधारी आहे. केस वेगळा असल्याने तो खाली घेतला की मागच्या शाफ्टचा कोन कमी होतो पण गिअरबॉक्स आणि केसमधल्या त्या टीचभर शाफ्टचा वाढतो, आणि ती शाफ्ट छोटी असल्याने थोड्या उंचीला खूप कोन येतो. वर ती वरच्या गिअरला जवळपास इंजिनच्याच स्पीडला फिरते. एक थरथर घालवून दुसरी विकत घ्यायची. मी नाही करणार.

पुढच्या हौसिंगला पाचर टाकताना तर दहा वेळा विचार करा. पिनियनचं नाक वर केलं की त्याच हौसिंगवरच्या किंगपिनचा कॅस्टर (गाडी सरळ ठेवणारा मागे कललेला कोन) कमी होतो, म्हणजे शाफ्ट शांत आणि गाडी रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी इकडेतिकडे. हब फ्री करून पुढची शाफ्ट रस्त्यावर फिरतच नसेल आणि फोर-लोमध्ये ती सावकाश फिरत असेल तर तिथला कोन बिघडला तरी चालवून घ्या, कॅस्टर सांभाळा.

थार, जिम्नीवाले हे वाचत असतील तर, मागे कॉइल आणि लिंक असलेल्या गाडीत पाचर बसायला जागाच नाही. तिथे पिनियन फिरवायची तर अ‍ॅडजस्टेबल आर्म, मोजायची पद्धत आणि हिशेब तोच. नवीन थारला पुढे इंडिपेंडंट आहे, तिथे लिफ्टनंतर चाकाकडे जाणाऱ्या सीव्ही शाफ्टचा कोन वाढतो, बूट फाटतात, वळणावर कट-कट येते. ते वेगळं दुखणं, या लेखातले आकडे तिथे लावू नका.

स्प्लाइनची लांबी बघायला विसरू नका. उचलल्यावर शाफ्ट ताणली जाते. चॅसीला स्टँड लावून मागची चाकं पूर्ण लटकवा, आणि शाफ्ट हाताने फिरवा. स्प्लाइन कितपत आत उरलीये बघा, कान कुठे फ्लॅंजला घासतोय का बघा, घासत असेल तर त्या जागी चकचकीत खूण दिसते. कमी पडत असेल तर फ्लॅंजमध्ये स्पेसर किंवा शाफ्ट लांब करून घेणे, आणि लांब केलेली शाफ्ट बॅलन्स न करता घरी आणायची नाही. स्प्लाइन बोटाने वरखाली हलवून खेळ जाणवला तर तीही थरथरीला कारण, उचलल्यावर ती अशा भागावर चालते जिथे आधी कधी चाललीच नव्हती.

कोन बरोबर, क्रॉस बरोबर, तरी एका स्पीडच्या वर सतत थरथर, तर आता बॅलन्स. वर्कशॉपला न्यायच्या आधी एक जुगाड करून बघा. रेडिएटरच्या होजची स्क्रूवाली क्लिप घ्या, शाफ्टच्या पिनियनकडच्या टोकाजवळ लावा. नळीवर खडूने घड्याळासारख्या चार खुणा करा, १२, ३, ६, ९. क्लिपचं डोकं १२ वर, चक्कर मारून या. मग ३ वर, मग ६, मग ९. एका जागी थरथर कमी होईल आणि समोरच्या जागी वाढेल. नाही बदलली तर बॅलन्स हा प्रश्नच नाही, क्लिप काढून टाका. बदलली तर दुसरी क्लिप पण तिथेच लावा, आणि जास्त झालं तर दोन्ही डोकी थोडी-थोडी एकमेकांपासून लांब सरकवा. चांगल्यापैकी शांत झालं की तसंच वर्कशॉपला न्या. क्लिप घट्ट करा, आणि हे सगळं रस्त्यावर चालवून, गाडी स्टँडवर चढवून चाकं फिरवत खाली डोकं घालायचं नाही.

आरटीओचं एका ओळीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परस्पर फेरफार करता येत नाहीत, उंची आणि टायर बदलताना ते डोक्यात असू द्या, इन्शुरन्सवाले नंतर तेच विचारतात.

सगळं झाल्यावर ५०-६० किमी चालवून घरी या, गाडी थंड होऊ द्या आणि यू-बोल्ट, फ्लॅंजचे बोल्ट परत आवळा, मग ५०० किमीला परत एकदा. मी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या पेंटची एक रेघ मारतो, म्हणजे पुढच्या वेळी पाना न लावताही वाकून बघितलं की कळतं कोण फिरलंय. पहिल्या ताम्हिणी ट्रिपनंतर दोन रेघा तुटलेल्या दिसल्या होत्या, डाव्या बाजूच्या, आणि शेवटचे तीनही कोन पेंटनेच हौसिंगच्या नळीवर लिहून ठेवलेत, कारण वही कुठे जाते देव जाणे.